श्रोता बदलला की सत्य बदलते काय? : आंबेडकरांच्या १९३६ मधील दोन संहितांच्या निमित्ताने

१

क्रांतिकारी नेतृत्वाविषयी लिहिताना आपल्याकडे दोन टोकांच्या भूमिका घेतल्या जातात. पहिली भूमिका अशी की, इतरांना न दिसणारे सत्य नेत्याला दिसलेले असते. भाषा, प्रतीके, सभा, वृत्तपत्रे ही त्या सत्याची केवळ वाहने होत. दुसरी भूमिका अशी की, नेता हा आपल्या संस्कृतीचे अपत्य असतो. संस्कृतीने जे बोलता येण्याजोगे ठेवले आहे तेवढेच तो बोलतो. पहिल्या भूमिकेत सांस्कृतिक संदर्भ हा विचाराचा पोशाख ठरतो, श्रोत्यागणिक बदलता येणारा. दुसऱ्या भूमिकेत तो तुरुंग ठरतो आणि मग क्रांती मुळात शक्य कशी होते, याचा उलगडा होत नाही.

या दोन्ही भूमिकांतून एक नैतिक प्रश्न निसटतो. जी व्यवस्था उलथून टाकावयाची, तिच्याच संकेतांतून श्रोत्यांशी बोलणे क्रांतिकारी नेत्याला भाग असते. श्रोते एकसारखे नसतात. पीडित असतात, पीडकांपैकी सहानुभूतिदार असतात, तटस्थ असतात. अशा वेळी नेता एका सभेत एक आणि दुसऱ्या सभेत दुसरे बोलला तर त्याला संवादाचे भान म्हणावयाचे की दुटप्पीपणा? श्रोता बदलला की सत्य बदलते काय? आणि बदलत नसेल, तर बदलते ते नेमके काय?

हा प्रश्न अमूर्तपणे सोडविता येईल असे मला वाटत नाही. म्हणून मराठी वाचकाला जवळचे असलेले उदाहरण घेतो. मे १९३६ या एकाच महिन्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या दोन संहिता प्रकट झाल्या. एक इंग्रजीतील, लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेले पण प्रत्यक्षात न झालेले ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ हे अध्यक्षीय भाषण. दुसरी मराठीतील, मुंबई इलाखा महार परिषदेत ३१ मे १९३६ रोजी दादर येथे केलेले ‘मुक्ती कोन पथे?’ हे भाषण. वक्ता एक, काळ एक, विषय एकच. भाषा आणि श्रोते मात्र पूर्णतः भिन्न. आपल्या प्रश्नाची तपासणी करण्यास याहून अनुकूल सामग्री क्वचितच मिळेल.

२

त्यापूर्वी ज्या संदर्भात हे संभाषण घडले त्याचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. रोमान याकोब्सन यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात भाषिक व्यवहाराचे सहा घटक सांगितले: वक्ता, श्रोता, संदेश, संदर्भ, संकेतव्यवस्था आणि संपर्क. आपल्या समीक्षेत या मांडणीचा उपयोग प्रामुख्याने काव्यात्म कार्य स्पष्ट करण्यासाठी झाला. ‘संपर्क’ हा घटक गृहीतच धरला गेला. वक्ता आणि श्रोता यांच्यात काही भौतिक व मानसिक दुवा असतोच, असे मानून आपण पुढे गेलो. जातिव्यवस्थेत हे गृहीत टिकत नाही. तेथे संपर्कावरच निर्बंध असतो. अस्पृश्यता ही संज्ञाच मुळी संपर्काच्या निषेधाची आहे. कोणी कोणाशी किती अंतरावरून बोलावे, बोलण्याआधी कोणता शब्द उच्चारावा, कोणी आधी बोलावे आणि कोणी ऐकून घ्यावे, हे सारे संदेश जन्मण्यापूर्वीच ठरलेले असते.

जुन्या गावगाड्यातील महाराचे स्थान या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. गावचे निरोप पोचविण्याचे काम वतनाने त्याच्याकडे होते. सारा भरण्यासाठी रयतेला चावडीवर बोलावणे, सरकारी निरोप पुढच्या गावी नेणे, मयताचा सांगावा परगावच्या सोयऱ्यांपर्यंत पायी जाऊन पोचविणे ही त्याची कामे. म्हणजे गावाच्या संज्ञापनाची सारी व्यवस्था ज्याच्या पायांवर चालत होती, त्याला स्वतःचा असा निरोप नव्हता. तो वाहक होता, वक्ता नव्हता. त्याचे अभिवादन ‘जोहार’; आणि त्यापुढे येणारे ‘मायबाप’ हे संबोधन ऐकणाऱ्याला आईबापाच्या जागी बसवून बोलणाऱ्याला कायमचे अज्ञान ठरविणारे. चोखामेळ्याच्या आणि एकनाथांच्या ‘जोहार’ रचनांतून या शब्दाला आध्यात्मिक उंची लाभली, हे खरे. परंतु गावच्या वेशीवर त्याचा व्यवहारातील अर्थ त्यामुळे बदलला नाही.

‘भीड’ हा मराठीतील शब्द येथे उपयोगी पडतो. भीड म्हणजे निव्वळ भीती नव्हे आणि निव्वळ आदरही नव्हे. दोहोंच्या मिश्रणातून जिभेवर येणारे ते ओझे आहे. ज्याला भीड पडते त्याला बोलावयास कोणी मनाई केलेली नसते; तो स्वतःच थबकतो. सत्ता जेव्हा आज्ञेची गरज न उरता भीडेच्या रूपाने नांदू लागते, तेव्हा ती संस्कृती झालेली असते. क्रांतिकारी नेत्यापुढील पहिले काम म्हणूनच नवा विचार सांगण्याचे नसते. तो विचार ऐकू शकेल आणि उच्चारू शकेल असा माणूस घडविण्याचे असते.

३

आंबेडकरांच्या वृत्तपत्रांकडे या अंगाने पाहिले तर एक सुसंगत प्रवास दिसतो. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाले. त्याच्या शीर्षस्थानी तुकोबांचा अभंग होता. आता भीड न धरता निःशंकपणे तोंड उघडले आहे, असा त्याचा भाव. ३ एप्रिल १९२७ रोजी, महाडच्या चवदार तळ्यावरील २० मार्चच्या घटनेनंतर दोनच आठवड्यांनी, ‘बहिष्कृत भारत’ सुरू झाले. त्याच्या शीर्षस्थानी ज्ञानेश्वरीतील ओव्या होत्या. खचलेल्या अर्जुनाला धनुष्य हाती घेऊन रथावर चढण्याची आज्ञा करणाऱ्या. पुढे १९३० मध्ये ‘जनता’ आणि १९५६ मध्ये ‘प्रबुद्ध भारत’ ही नावे आली.

तुकाराम आणि ज्ञानेश्वर यांची ही निवड केवळ डावपेचाची मानणे चुकीचे ठरेल. कबीरपंथी घरात वाढलेल्या आंबेडकरांना संतवाणी परकी नव्हती आणि त्यांच्या वाचकालाही नव्हती. अस्पृश्य वाचकाच्या कानांना ओळखीची असलेली, आणि सवर्ण वाचकाला सहजासहजी नाकारता न येणारी, अशी ती एकमेव समाईक भाषा होती. मात्र या उसनवारीत अर्थाची दिशा पालटली आहे. तुकोबांचे निर्भीड बोलणे आपल्या बोलण्याच्या अधिकाराविषयी आहे. तोच अधिकार आता एका समूहाचा झाला. कृष्णाची आज्ञा क्षत्रियाला स्वधर्माची आठवण देणारी आहे; तीच आज्ञा ज्यांना शस्त्र आणि शास्त्र दोन्ही वर्ज्य होते त्यांना उद्देशून छापली गेली. संकेत जुना, पण त्यातील ‘तू’ची जागा बदललेली. जुन्या संहितेतील श्रोत्याच्या जागी तिने कधी न कल्पिलेला श्रोता बसविणे, ही या काळातील आंबेडकरांची मुख्य कृती होय.

तरीही या मार्गाला एक मर्यादा होती. जी भाषा आपण शस्त्र म्हणून उचलतो तिच्याबरोबर तिची मूल्यव्यवस्थाही येते. १९३७ मध्ये ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ची दुसरी आवृत्ती निघाली, तीत गांधीजींच्या आक्षेपांना दिलेले उत्तर समाविष्ट आहे. त्यात आंबेडकर संतांविषयी स्पष्टपणे लिहितात: ईश्वरापुढे सारी माणसे समान, असे संतांनी सांगितले, माणसापुढे माणूस समान, असे सांगून त्यांनी जातिसंस्थेविरुद्ध मोहीम उघडली नाही. १९२० आणि १९२७ चे शीर्षस्थान आठवणाऱ्या वाचकाला हा विरोध खटकेल. मला तो प्रामाणिकपणाचा पुरावा वाटतो. समाईक भाषेचा उपयोग करून ती कोठपर्यंत नेते हे पाहावयाचे, आणि जेथे ती थांबते तेथे, तिच्यामुळे मिळालेली सोय गमावूनही, तसे सांगावयाचे. संदर्भाशी असे वागणे वापरून घेण्यापेक्षा वेगळे आहे.

४

आता मे १९३६ च्या दोन संहितांकडे वळू. ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’चा अभिप्रेत श्रोता सुशिक्षित, सवर्ण, सुधारणावादी हिंदू आहे. त्यामुळे त्यातील युक्तिवाद त्या श्रोत्याच्या बौद्धिक जगातून येतात. कोलंबिया विद्यापीठातील आपले गुरू जॉन ड्यूई यांचा त्यांनी आधार घेतला आहे. केवळ शेजारी राहिल्याने किंवा सवयी सारख्या असल्याने समाज घडत नाही. समाईक गोष्टींतील सहभागाने आणि त्या सहभागाच्या संज्ञापनाने तो घडतो, हा ड्यूई यांचा विचार येथे जातिसमीक्षेचे मर्म बनतो. जाती संज्ञापन रोखतात, म्हणून हिंदू हा समाज नसून जातींचा समुच्चय आहे, असा निष्कर्ष निघतो. सहभोजन आणि मिश्रविवाह हे उपाय त्यांना इष्ट वाटतात, पण शास्त्रांच्या प्रामाण्यावरील श्रद्धा गेल्याशिवाय ते रुजणार नाहीत, असे त्यांचे प्रतिपादन आहे. बुद्धाप्रमाणे, नानकांप्रमाणे शास्त्रांचा अधिकारच नाकारण्याचे धैर्य दाखवा, असे ते श्रोत्यांना सांगतात. पंजाबातील श्रोत्यांपुढे बुद्धाबरोबर नानकांचे नाव यावे, हे संदर्भाच्या भानाचे उदाहरण आहे.

‘मुक्ती कोन पथे?’चा श्रोता बहुतांशी निरक्षर किंवा अल्पशिक्षित. तेथे ड्यूई नाहीत. तेथे जहाज हाकारण्यापूर्वी तांडेलाने करावयाच्या तयारीचा दृष्टान्त आहे. श्रोत्याच्या मनातील एकेक शंका त्याच्याच शब्दांत उपस्थित करावयाची आणि तिचे निरसन करावयाचे, अशी मांडणी आहे. शंका-समाधानाची ही रीत कीर्तन-प्रवचनांतून त्या श्रोत्याच्या परिचयाची होती. धर्मांतराने काय मिळणार, या शंकेला स्वराज्याने हिंदूंना काय मिळणार, या प्रतिप्रश्नाने उत्तर दिले जाते. मनुष्यबळ, द्रव्यबळ आणि मानसिक बळ या तीन बळांचा हिशोब मांडला जातो. ज्याने गावात मार खाल्ला आहे त्याला हा हिशोब समजावून सांगावा लागत नाही.

शैलीतील हा फरक कोणीही दाखवील. खरा प्रश्न आशयाचा आहे. पहिल्या संहितेत हिंदू समाजाची पुनर्रचना कशी करावी हे सांगितले आहे. दुसरीत त्या समाजाबाहेर का पडावे हे सांगितले आहे. मग एकाच महिन्यात दुरुस्ती आणि त्याग या दोहोंचा पुरस्कार करणारा नेता सुसंगत कसा? येवल्याची घोषणा १३ ऑक्टोबर १९३५ ची. म्हणजे बाहेर पडण्याचा निर्धार आधीच झालेला. मग लाहोरच्या सुधारकांना सल्ला देण्याचे प्रयोजन काय?

माझ्या मते या आक्षेपाच्या मुळाशी एक चुकीचे गृहीत आहे. अन्याय करणाऱ्यावर अन्याय दूर करण्याचे कर्तव्य येते. पण म्हणून अन्याय सोसणाऱ्यावर तो दूर होईपर्यंत थांबून राहण्याचे कर्तव्य येत नाही. ही दोन कर्तव्ये स्वतंत्र आहेत. सवर्ण सुधारकाला ‘तुमचे घर तुम्ही नीट करा’ आणि अस्पृश्याला ‘त्या घरात ताटकळत बसण्यास तुम्ही बांधलेले नाही’ असे सांगणाऱ्याच्या बोलण्यात विसंगती नाही. सत्य एकच आहे. त्यातून निघणारे दायित्व मात्र ऐकणारा कोठे उभा आहे यावर अवलंबून आहे. सांस्कृतिक संदर्भ सत्याला रंग देत नाही, तो दायित्वाचा पत्ता ठरवितो.

येथेच क्रांतिकारी नेता आणि लोकानुनयी नेता यांना वेगळे करणारी कसोटी हाती येते. लोकानुनयी नेताही श्रोत्यागणिक भाषा बदलतो. पण तो प्रत्येक श्रोत्याला दुसऱ्याच्या दोषांविषयी सांगतो. या दोन संहितांत तसे घडत नाही. सुधारकांना त्यांच्या धर्मग्रंथांविषयी सांगितले आहे, म्हणजे जे ऐकण्याची त्यांची सर्वांत कमी तयारी होती नेमके ते. आणि महार परिषदेतही सवर्णांच्या अत्याचारांची जंत्री देऊन भाषण थांबत नाही. तिन्ही बळांत तुमचे मानसिक बळ सर्वाधिक खचले आहे, अपमान निमूटपणे सोसण्याची सवय जडली आहे, हे श्रोत्यांना तोंडावर ऐकविले जाते. दोन्हीकडे श्रोत्याच्या वाट्याचे ओझे त्याच्याच खांद्यावर ठेवले आहे.

दुसरी कसोटी प्रकटतेची. एका श्रोत्याला सांगितलेले दुसऱ्याने ऐकले तर वक्ता अडचणीत येतो काय? जातपात तोडक मंडळाने भाषणातील काही भागांवर आक्षेप घेतला, विशेषतः वेदांविषयीच्या आणि धर्मत्यागाविषयीच्या विधानांवर. आंबेडकरांनी स्वल्पविरामही बदलण्यास नकार दिला आणि परिषदच बारगळली. त्यांनी ते भाषण स्वखर्चाने छापले. पहिल्या आवृत्तीच्या १५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या. गुजराती व तमिळ भाषांतरे झाली, मराठीसह इतर भाषांतील अनुवाद हाती घेण्यात आले. हिंदूंना उद्देशून लिहिलेल्या त्या भाषणात आपण हिंदू समाज सोडणार आहोत, हेही त्यांनी लपविले नव्हते. संदर्भाचे इतके भान असलेला हा वक्ता संदर्भाची भीड मात्र बाळगत नाही. भान आणि भीड यांतील हा भेद मला महत्त्वाचा वाटतो. श्रोत्याला समजेल असे बोलणे हे भान. श्रोत्याला रुचेल तेवढेच बोलणे ही भीड.

५

या विवेचनाला गौरवाचे रूप येऊ नये म्हणून त्याची अडचणीची बाजूही मांडली पाहिजे. जातिनिर्मूलनाचा निर्णायक कार्यक्रम ज्या सभेत मांडला गेला, ती सभा ‘महार परिषद’ होती. जात संपविण्याचे आवाहन करण्यासाठी जातीच्याच नावाने माणसे गोळा करावी लागली. कारण त्या काळी त्या श्रोत्यांपर्यंत पोचणारी दुसरी कोणतीही सिद्ध रचना नव्हती. संदर्भाने संवाद शक्य केला आणि त्याच वेळी त्याला मर्यादाही घातली. १९५६ नंतर महाराष्ट्रात बौद्ध झालेल्यांत महार समाजाचेच प्रमाण फार मोठे राहिले आणि इतर अस्पृश्य जातींशी असलेले अंतर पुरेसे मिटले नाही. या वस्तुस्थितीची कारणे अनेक आहेत. पण ज्या साधनाने आपण संपर्क साधतो त्याच्या खुणा साध्यावर उमटतात, हा त्यातील एक धडा निश्चित आहे.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात रानडे यांच्यावरील व्याख्यानात आंबेडकरांनी विभूतिपूजेवर कठोर टीका केली. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी राजकारणातील भक्ती हुकूमशाहीकडे नेते, असा इशारा दिला. परंतु ज्या समाजाशी ते बोलत होते त्याची आदराची संपूर्ण शब्दसंपदा भक्तीच्या परंपरेतून आलेली होती. आंबेडकरी जलशाने, भीमराव कर्डक यांच्यासारख्या जलसाकारांनी, तमाशाच्या आणि सत्यशोधक जलशाच्या घाटातून नवा विचार खेडोपाडी नेला. तोच घाट पुढे नेत्याच्या स्तुतिगायनालाही सोयीचा पडला. नेता संदर्भाला वळण देतो तसा संदर्भही नेत्याला आपल्या ओळखीच्या आकारात बसवीत असतो. याला अनुयायांचे अज्ञान म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण ‘जोहार’च्या जागी ‘जय भीम’ म्हणणाऱ्याने आपली मान किती सरळ केली, हे लक्षात न घेता त्या अभिवादनाकडे केवळ विभूतिपूजा म्हणून पाहणे, हाही एक प्रकारचा बहिरेपणा आहे. त्याच्या भाषेत एक शब्द गेला आणि दुसरा आला, एवढेच घडले नाही. बोलणाऱ्याची जागा बदलली.

६

तेव्हा क्रांतिकारी संवादाचे अंतिम माप कोणते? मला ते व्याकरणात दिसते. ‘मूकनायक’ या नावात नेता मुक्यांच्या वतीने बोलतो. श्रोता तेथे तृतीयपुरुषी आहे. ‘बहिष्कृत भारत’च्या शीर्षस्थानी श्रोत्याला आज्ञा आहे, तो द्वितीयपुरुषी झाला. ‘मुक्ती कोन पथे?’चा शेवट बुद्धाने अखेरच्या दिवसांत आनंदाला केलेल्या उपदेशाने होतो. इतर कोणाचा आश्रय न शोधता स्वतःच स्वतःचा दीप होण्यास सांगणारा तो उपदेश. नेत्याने नेमक्या त्याच क्षणी, अनुयायी त्याच्या निर्णयाची वाट पाहत असताना, निर्णयाचा भार त्यांच्यावर सोपविला. आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात आंबेडकरांनी महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून दीक्षा घेतल्यावर समुदायाला बावीस प्रतिज्ञा दिल्या. प्रतिज्ञा प्रथमपुरुषातच करता येते. जे. एल. ऑस्टिन यांच्या परिभाषेत ते कथन नसून उक्तीतून घडणारी कृती होय. लाखो माणसांनी ‘मी’ या शब्दाने सुरू होणारी वाक्ये मराठीत एकत्र उच्चारली. ज्यांच्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या इतरांचे सांगावे वाहिले, त्यांचा तो स्वतःचा सांगावा होता.

शब्द नेत्याने दिलेले, मग त्यांतील ‘मी’ खरा कोणाचा, अशी शंका येथे घेता येईल. ती रास्त आहे. प्रत्येक माणूस ‘मी’ हा शब्द दुसऱ्याकडूनच शिकतो, हे तिचे अर्धे उत्तर. उरलेले अर्धे उत्तर काळ देतो: शिकलेल्या ‘मी’ने पुढे स्वतःची वाक्ये रचली की नाही? महाराष्ट्रात त्याचे उत्तर साहित्यानेच दिले आहे. १९६० नंतरच्या दोन-अडीच दशकांत दलित कविता आणि आत्मकथने यांनी मराठीत जो प्रथमपुरुष आणला, तो नेत्याने लिहून दिलेला नव्हता. काही वेळा तर तो नेत्याच्या वारसदारांना अडचणीत टाकणारा होता. समीक्षेने या लेखनातील ‘मी’ची चर्चा बहुधा अनुभवाच्या अस्सलतेच्या अंगाने केली. बोलण्याचा अधिकार कसा घडत गेला, हा इतिहास तिच्या मागे आहे, हे आपण पुरेसे लक्षात घेतले नाही.

श्रोता बदलला म्हणून सत्य बदलत नाही. परंतु क्रांतिकारी संवादाच्या अखेरीस श्रोता मात्र बदललेला असला पाहिजे; आणि तो इतका बदलावा की, गरज पडल्यास नेत्यालाही त्याने भीड न बाळगता उत्तर द्यावे. ज्या नेतृत्वाला ही शक्यता चालते, तेच संदर्भाचे ऋण मानून त्याच्या पलीकडे जाते. विद्यापीठांतून संहितांचे वाचन शिकविणाऱ्या आपल्यालाही ही कसोटी लागू आहे. आपण ज्या परिभाषेत लिहितो तीत आपला श्रोता कोणत्या पुरुषात उभा आहे, हे कधीतरी तपासून पाहावे लागेल.